ओकेभाऊंचा विमा

लिफ्टच्या माणसाच्या नशिबी जिनेच असतात, हे आधी लक्षात घ्या. लिफ्ट धडधाकट असताना त्याला कोण विचारतो? बंद पडली की फोन जातो, आणि मशिनरूम असते थेट गच्चीवर. म्हणजे सगळ्या इमारतीला वर-खाली नेण्याची जबाबदारी ज्याच्या डोक्यावर, तोच तेवढा हत्यारांची पिशवी खांद्याला लावून पायऱ्या चढत जाणार. ओकेभाऊंनी उभा जन्म हेच केलं. आणि गंमत बघा, राहायला होते तेही तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. कोणी त्यावरून टोमणा मारला तर म्हणायचे, घरी तरी कोणी दुरुस्तीला बोलवायला नको.

ओकेभाऊ हे नाव त्यांना कंपनीतल्या लोकांनी चिकटवलेलं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आत माणसं कोंडली, की भाऊ सगळ्यात आधी दाराच्या फटीला तोंड लावायचे आणि शांत आवाजात सांगायचे, "सगळं ओके आहे. आलोच." मग भले वर ब्रेक जळालेला असो, नाहीतर नेमकं काय बिघडलंय याचा त्यांना स्वतःलाच पत्ता नसो. आतल्या माणसाला खरं सांगायचं नसतं, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. खरं सांगितलं की एक जण दारावर लाथा घालतो, दुसरी रडायला लागते, तिसरा छताची झडप उघडून वर चढायला बघतो, आणि साध्या बिघाडाचा अपघात होऊन बसतो. म्हणून बाहेरच्याने डोकं थंड ठेवायचं, आतल्याला धीर द्यायचा आणि हात चालू ठेवायचे. भाऊंच्या आवाजात काय होतं देव जाणे, पण आतली माणसं खरोखर शांत व्हायची. एक म्हातारे गृहस्थ तर बाहेर आल्यावर म्हणाले होते की मी आत जरा डुलकी काढली. ही गोष्ट भाऊ येईल-जाईल त्याला ऐकवायचे.

आता ही सवय माणसाने कामावर ठेवून घरी यावं की नाही? पण सवय काय चपलेसारखी दारात काढून ठेवता येते? वहिनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोने, फोन करून विचारावं कुठे आहात, तर हे लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात गुडघाभर पाण्यात उभे, आणि सांगणार, सगळं ओके. पगार लांबला तरी ओके. हाताला टाके पडले तेव्हाही पट्टी बांधून आले आणि म्हणाले, किरकोळ आहे, ओके आहे. वहिनी एका पाळणाघरात कामाला होत्या. मी नाही सांडलं, मी नाही मारलं असं म्हणणाऱ्या चिमुरड्यांच्या तोंडाकडे बघून खरं-खोटं ओळखण्यात त्यांचा हातखंडा. पण नवऱ्यापुढे त्यांनीही हात टेकले होते. संसारात प्रत्येक गोष्ट खोदून काढली तर घरात नुसते खड्डेच राहतील, असं म्हणून त्यांनी तो विषय सोडून दिला होता.

गेल्या वर्षीपासून मात्र एक गोष्ट ओके नव्हती, आणि ती फक्त भाऊंना ठाऊक होती. जिना चढताना छाती भरून यायची. दुखायची असंही नाही, आतून कोणीतरी पट्टा आवळत आणल्यासारखं वाटायचं आणि श्वास पुरायचा नाही. थोडं थांबलं की पट्टा सैल व्हायचा. पहिल्यांदा भाऊंनी वयावर ढकललं, मग पिशवीच्या वजनावर, मग कधी अपचनावर. पुढे त्यांनी एक युक्ती काढली. दर एक-दोन मजल्यांनी थांबायचं, भिंतीवरचा वायरींचा डबा उघडायचा, बॅटरी मारून आत बघत राहायचं आणि श्वास जागेवर आला की डबा लावून पुढे निघायचं. इमारतीतले लोक म्हणायचे, काय बारकाईने काम करतो हा माणूस. भाऊ मान डोलवायचे. ज्या डब्याचा लिफ्टशी काडीचा संबंध नाही, तोसुद्धा त्यांनी असा कितीदा तपासला असेल.

तुम्ही म्हणाल, डॉक्टरकडे जायला काय झालं होतं? कंपनीचा आरोग्य विमा होता, नवरा-बायको दोघांचा होता, हप्ता कंपनीच भरत होती. अहो, पण डॉक्टरकडे गेलं की तो तोंडावर सांगणार, आणि एकदा सांगितलं की ते खरं होणार. दुसऱ्याची लिफ्ट कुरकुरली तर वेळ न दवडता पॅनेल उघडणारा हा माणूस स्वतःच्या बाबतीत मात्र मूग गिळून बसला. दोर झिजलाय हे दिसत असून त्याने लिफ्ट चालू ठेवली. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर भाऊंनी त्याची बिनपाण्याने केली असती.

शेवटी जिने झेपेनात, तेव्हा त्यांनी नोकरीच सोडली. निवृत्तीला अजून अवकाश होता. लोकांना कारण सांगितलं की कंपनी नव्या मालकांनी घेतलीय, आता प्रत्येक कामाचा फोटो काढून मोबाइलवर चढवावा लागतो, आपल्याला ते जमायचं नाही. कारण इतकं पटण्याजोगं होतं की दोन-तीन जुन्या मेकॅनिकांनी त्यांची पाठ थोपटली. वहिनींनाही पटलं. त्या उलट खूश झाल्या, कारण त्यांच्याही मनात होतं की यंदा पाळणाघर सोडावं. गुडघे कुरकुरायला लागले होते, मुलं उचलून कंबर धरत होती. दोघं घरी बसू, सकाळचा चहा गार न होऊ देता पिऊ, एवढीच त्यांची मोठी स्वप्नं.

शेवटच्या दिवशी ऑफिसातल्या बाईंनी भाऊंना समोर बसवून सगळं समजावलं. आज नोकरी संपली की कंपनीचा विमाही संपला. पण हवा असेल तर तोच विमा, त्याच विमा कंपनीकडून, स्वतःच्या नावावर चालू ठेवता येईल. तपासणी नाही, प्रश्न नाहीत, अंगात आधीपासून काही दुखणं असेल तर तेही धरलेलं. फक्त हप्ता आता स्वतः भरायचा, आणि तो बाहेरच्या साध्या पॉलिसीच्या दुपटीहून जास्त. महिना संपायच्या आत हो म्हणायला हवं, नंतर दार बंद. बाई चांगल्या होत्या, त्यांनी हेही सांगितलं की बहुतेक जण हप्ता ऐकूनच सोडून देतात. भाऊंनी कागद घडी करून खिशात ठेवला. बाहेर पडताना त्यांना पहिल्यांदा वाटलं की आपण वर्षभर जी गोष्ट झाकून ठेवली, तिला आता मुदत लागली.

घरी मेव्हणा येऊन बसलेला होताच. वहिनींचा धाकटा भाऊ, विमा एजंट, बोलायला लागला की समोरच्याने फक्त माना हलवायच्या. पण माणूस सरळ, थापाड्या नव्हे. त्याने टेबलावर दुसरी पॉलिसी मांडली. हप्ता निम्म्याहून कमी, आणि रक्कम जुन्याच्या दुप्पट. अट एकच, विमा कंपनीचे डॉक्टर फोनवर प्रश्न विचारतील, त्यांना खरी उत्तरं द्यायची. आधीचं दुखणं असेल तर त्याला पहिली काही वर्षं पैसे मिळणार नाहीत, आणि काही लपवलं असं नंतर उघड झालं तर दवाखान्याच्या दारात पॉलिसी हात वर करेल. हे सगळं तोंडपाठ म्हणून झाल्यावर तो हसून म्हणाला की भावोजींना कसली भीती, त्यांना तर साधं पडसंसुद्धा होत नाही. वहिनी म्हणाल्या, मग प्रश्नच मिटला, हीच घेऊ.

प्रश्न मिटला नव्हता. स्वस्तातली पॉलिसी त्यांच्या उपयोगाची नव्हती, हे त्यांना मेव्हण्याचं बोलणं संपायच्या आत कळलं होतं. त्यांना लागणार होती ती महागडी, न विचारता सांभाळून घेणारी. पण ती का हवी, हे सांगायचं कसं? त्यांनी आडवळणाने बोलून पाहिलं. जुनी कंपनी बरी, तिची माणसं ओळखीची आहेत. वहिनींनी विचारलं, कोण ओळखीचं आहे? भाऊंना एकही नाव आठवेना. मग म्हणाले, नव्या कंपनीचा भरवसा काय. मेव्हण्याला ते लागलं, तो कंपनीचा इतिहास सांगायला लागला. मग भाऊ म्हणाले, फोनवर बोलायचा कंटाळा येतो. यावर बहीण-भाऊ दोघंही इतके हसले की भाऊंनी विषय सोडला आणि बॅटरीचे सेल बदलायला उठले. सेल परवाच बदललेले होते.

पुढचे दिवस भाऊ खिडकीशी बसून विचार करत होते. प्रत्येक लिफ्टला एक लहानसं चाक असतं, मशिनरूमच्या कोपऱ्यात फिरत असतं. लिफ्ट वेगाने खाली सुटली तर ते चाक खटका ओढतं आणि लिफ्टचा डबा जागच्या जागी बाजूच्या रुळांना आवळून धरतो. वर्षानुवर्षं ते काही कामाचं दिसत नाही. इमारतींचे सेक्रेटरी नेमका त्यावरचा खर्च वाचवायला बघायचे, आणि भाऊ त्यांना सांगायचे, साहेब, इथे काटकसर करू नका, हे एकदाच लागतं पण तेव्हा दुसरं काही चालत नाही. किती जणांना त्यांनी हे पटवलं होतं. आणि आता स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोला ते सांगायची वेळ आली, तर जीभ उचलत नव्हती. कारण सांगितलं की त्या घाबरणार, आणि घाबरलेलं माणूस समोर असलं की भाऊंना एकच वाक्य येत होतं. आपण नेहमी बाहेर उभं राहून धीर देणारे, आपल्यालाच कोणीतरी बाहेरून धीर द्यावा, ही कल्पना त्यांना पेलत नव्हती. त्यांना भीती वाटत होती. मरणाची थोडीशी, पण जास्त भीती वहिनींचा चेहरा बदलण्याची. महिना हळूहळू सरत होता, आणि भाऊ वेळ मारून नेत होते.

मेव्हण्याने अर्ज पाठवलेलाच होता. विमा कंपनीचा फोन आला तो सकाळी, चहाच्या वेळेला. लिफ्टच्या मोटारींच्या आवाजाने भाऊंचे कान अधू झालेले, म्हणून मोबाइल टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात लावावा लागायचा. पलीकडे एक डॉक्टर बाई होत्या, आवाज तरुण आणि नम्र. वहिनींना सुट्टी होती, त्या समोर बसून पाळणाघरातून धुवायला आणलेल्या लाळेऱ्यांच्या घड्या घालत होत्या. वय, उंची, वजन झालं. विडी-सिगारेट नाही. ऑपरेशन नाही, हाताचे टाके सोडून. साखर कधी तपासली? भाऊ म्हणाले, गरज पडली नाही. डॉक्टर बाई एकेक प्रश्न वाचत होत्या, भाऊ उत्तरं देत होते, आणि एवढ्यात तो प्रश्न आला.

"छातीत दुखणं, जिना चढताना धाप लागणं, असा काही त्रास?"

भाऊंनी खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. रात्री तर त्यांनी ठरवलं होतं की बघू, विचारलं तर थोडंसं सांगून टाकू. पण प्रश्न आला, पलीकडे कोणीतरी काळजीच्या सुरात बोलतंय हे कानाला कळलं, आणि तोंड आपोआप उघडलं. आवाजही तोच निघाला, दाराच्या फटीतून आत जाणारा.

"नाही, काही नाही. सगळं ओके आहे."

वहिनींचे हात थांबले. हा आवाज त्यांनी आयुष्यभर फोनवर ऐकला होता. घड्या घातलेला गठ्ठा त्यांनी बाजूला सरकवला आणि नवऱ्याकडे बघितलं, पाळणाघरात बघायच्या तसंच, न रागावता, न हसता.

"अहो, हे तुम्ही अडकलेल्या माणसांना सांगता," त्या म्हणाल्या. "मग मी कुठे अडकलेय, तेवढं मला सांगा."

भाऊंनी मान खाली घातली. टेबलावरून डॉक्टर बाई हॅलो हॅलो करत होत्या. वहिनींनी नजर हलवली नाही. त्यांना घाई नव्हती, मुलांनी खरं बोलेपर्यंत वाट बघायची त्यांना सवय होती. शेवटी भाऊंनी फोन जवळ ओढला.

"मॅडम, मघाचं उत्तर चुकलं. त्रास आहे. गेल्या वर्षीपासून आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. फोनकडे तोंड करून सांगितलं, पण ऐकवलं बायकोला. पट्टा आवळल्यासारखं वाटतं, थांबलं की बरं वाटतं, डावा खांदा कधी कधी भरून येतो, नोकरी त्या मोबाइलच्या फोटोंमुळे नाही सोडली. एकदा दार उघडल्यावर सगळी माणसं एकदम बाहेर यावीत तसं झालं. डॉक्टर बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या की हे मी लिहून घेते, पॉलिसीचं काय ते कंपनी कळवेल, पण काका, पॉलिसीचं राहू द्या, या आठवड्यात कोणाला तरी दाखवा. आणि फोन बंद झाला.

भाऊ रडारडीची वाट बघत होते. वहिनींनी विचारलं, मीटरच्या डब्यात रोज काय बघता, ते हेच का? त्यांच्या स्वतःच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर मीटरचा डबा होता. भाजीची पिशवी घेऊन वर येताना भाऊ तिथे थांबायचे आणि डोकं आत घालून उभे राहायचे. शेजारणीने वहिनींना दोनदा विचारलंही होतं, तुमचे हे वीज कंपनीत लागलेत की काय. वहिनींनी हसण्यावारी नेलं होतं. आता त्यांना त्या हसण्याचा राग आला, आणि तो राग जायचा कुठे, तर भाऊंवरच. दोन दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज. चहा समोर यायचा, पण दाणकन ठेवलेला. वर्षभर शेजारी झोपलं माणूस, आणि मला जिन्याएवढीही किंमत नाही, असं त्या भिंतीला ऐकवत होत्या. भाऊ ऐकून घेत होते. खरं सांगायचं तर त्यांना त्या दोन दिवसांत वर्षभरात आली नव्हती इतकी गाढ झोप लागली, म्हणून वहिनी आणखी चिडल्या.

मेव्हण्याकडून निरोप आला की नवी पॉलिसी आता मिळणं कठीण. बिचाऱ्याचा आवाज पडला होता. ताई, मला आधी सांगितलं असतंत तर मी तो कागद आणलाच नसता, असं तो चार-चारदा म्हणाला. वहिनींनी त्याला सांगितलं की तुला काय, मलाच कुठे सांगितलं होतं. मग त्यांनी भाऊंच्या शर्टाच्या खिशातून ऑफिसातल्या बाईंचा तो घडी घातलेला कागद काढला. हप्त्याचा आकडा बघून क्षणभर डोळे मिटले. महिना संपायला अजून अवकाश होता, पण थोडाच. त्या म्हणाल्या, चला, कपडे करा.

ऑफिसात सह्या झाल्या. बाहेर पडल्यावर भाऊ फुटपाथवर रेंगाळले. त्यांना माहीत होतं की एवढा हप्ता भरायचा तर वहिनींना पाळणाघर सोडता येणार नाही. तेवढं बोलायला त्यांनी बराच वेळ घेतला, आणि बोलले तेही अर्धवट, की तुझे गुडघे, आणि तू तर यंदा... वहिनींनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. म्हणाल्या की इतकी वर्षं दुसऱ्यांची मुलं सांभाळली, अजून दोन वर्षं सांभाळीन, त्यांत आता एक घरचं वाढलं एवढंच. भाऊंना हसू आलं. माफी मागायची होती, पण त्यांच्याकडे त्याचा सराव नव्हता. त्यांनी वहिनींच्या हातातली पिशवी घेतली. वहिनींनी ती लगेच परत ओढून घेतली आणि म्हणाल्या, वजन उचलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी हृदयाच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. दवाखाना एका उंच इमारतीत, पाचव्या मजल्यावर. आत शिरल्या शिरल्या भाऊ सवयीने जिन्याकडे वळले. वहिनींनी बाही धरून त्यांना लिफ्टसमोर उभं केलं आणि स्वतः बटण दाबलं. दार उघडलं. भाऊ आत जाऊन कोपऱ्यात उभे राहिले, पण हात कुठे ठेवावेत हे त्यांना सुचेना. आयुष्यभर लिफ्टच्या छतावर, खड्ड्यात, दाराबाहेर उभे राहिलेले, नुसतं प्रवासी म्हणून असे क्वचितच उभे राहिले असतील. लिफ्ट निघाली. तिसऱ्या मजल्याच्या आसपास बाजूने खर्रर असा आवाज आला आणि डबा किंचित हादरला.

वहिनींनी भाऊंचा दंड धरला. "काय झालं हो?"

भाऊंनी तोंड उघडलं. वाक्य जिभेवर आलेलं होतं, तयार, कितीतरी वर्षांचं. त्यांनी ते गिळलं.

"रुळाला घासतंय काहीतरी," ते म्हणाले. "लगेच धोका नाही. पण बघून घ्यायला हवं."

वहिनींनी दंड सोडला नाही. पाचवा मजला आला, दार उघडलं, आणि दोघं तसेच बाहेर पडले.